दरीतून वाजणारी घंटा

आता जिथं नुसतं रान उरलं आहे, तिथून घाटाची वाट जायची, त्या काळची ही गोष्ट.

घाटाच्या माथ्यावर एक वाडी होती. तिच्या एका अंगाला रान, दुसऱ्या अंगाला दरी. पावसाळा सरला की दरीतून धुकं वर चढायचं आणि महिनोन् महिने हलायचं नाही. हात पुढं केला तर बोटं दिसायची नाहीत. म्हणून वाडीच्या चौथऱ्यावर एक मोठी घंटा टांगलेली असायची. दिवस कलला की कुणीतरी ती वाजवत बसायचं आणि रानात गेलेली माणसं तिच्या आवाजाच्या रोखानं घरी यायची.

जुनी घंटा फुटली तेव्हा वाडीनं मध, मेण, धान्य जमवलं आणि घाटाखालच्या नगरातून नवी आणवली. ती आणायला गोजराचा नवरा सुभाना गेला होता. नगरात भानोबा नावाचा ओतारी होता. काशाच्या आणि पितळेच्या वस्तू ओतण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. वस्तू दिली की तो भाजलेल्या मातीची एक चकती मोडायचा. अर्धी गिऱ्हाइकाला द्यायचा, अर्धी स्वतःकडं ठेवायचा. तिला जोडखूण म्हणत. वस्तू बिघडली तर जोडखूण आणायची, तुकड्याला तुकडा जुळला की भानोबा ती विनातक्रार दुरुस्त करून द्यायचा. सुभानानं आपला तुकडा कनवटीला बांधला आणि कायम तिथंच ठेवला.

धुकं नव्हतं तोवर घंटा खणखणीत वाजली. मग धुकं आलं.

त्या दिवशी सुभाना शेळ्या घेऊन रानात गेला होता. गोजरानं चौथऱ्यावर उभं राहून दोरी ओढली. घंटा तिच्या डोक्यावर हलली, पण आवाज आला तो दरीतून. तिला वाटलं, भास झाला. तिनं आणखी जोरानं वाजवली. आवाज आणखी खोलातून आला. तेवढ्यात रानाच्या बाजूनं सुभानानं ओ दिली, नेहमी द्यायचा तशी. मग ती ओ सरकत सरकत दरीकडं जाऊ लागली. गोजरा दोरी सोडून ओरडत धावली. पुढची ओ खालून आली, आणि त्यानंतर काही नाही.

शेळ्या कड्याच्या काठावर उभ्या सापडल्या. सुभाना सापडला नाही.

त्याच्यामागून मध काढणारा एक तरणा गडी गेला, मग लग्न होऊन नुकतीच आलेली एक मुलगी गेली. आणि मग असं होऊ लागलं, की घंटा वाजली की दरीतून ओ यायची. गेलेल्यांच्याच आवाजात.

मध काढणाऱ्याचा म्हातारा बाप दिवसभर चौथऱ्यावर बसायचा. घंटा हलवायचा आणि पोराची ओ ऐकायचा. एकदा गोजरानंही दोरी ओढली. सुभानाची ओ आली. तिला भरून आलं, ती ऐकत राहिली, आणि पायाखालचा दगड सुटून खाली गेला तेव्हा तिला कळलं, की आपण ऐकता ऐकता कड्यापर्यंत चालत आलो आहोत.

ती मागं फिरली आणि घंटा उतरवायला माणसं बोलावली.

म्हातारा म्हणाला, "गोजरे, राहू दे गं. आवाज तरी आहे."

"आवाज त्यांचाच आहे, आजा," गोजरा म्हणाली, "पण ते आपल्याकडं येत नाहीत. आपल्याला बोलावतात."

घंटा दांड्याला बांधून वाडीच्या गड्यांनी ती नगरात नेली. गोजरा सोबत होती. भानोबानं घंटा बघितली आणि काठावर कोरलेली वेल बघताच ओळखली. त्यानं लाकडी हातोडीचा एक ठोका दिला. आवाज अंगणातल्या विहिरीतून आला. कामकऱ्यांच्या माना विहिरीकडं वळल्या. भानोबाची बायको येसू उठली आणि तिनं विहिरीवर फळी ओढून घेतली.

भानोबा त्या वेळी राजाच्या देवळासाठी घंटा ओतत होता. त्याच्या घंटेचा आवाज भलतीकडून येतो, असं कुणाच्या कानावर गेलं असतं तर ते काम हातचं गेलं असतं. तो म्हणाला, "जोडखूण?"

"माझ्या नवऱ्याच्या कनवटीला आहे."

"मग त्यालाच पाठव."

"तो दरीत आहे, ओतारीदादा. या घंटेनंच नेला."

भानोबानं हातोडी खाली ठेवली. मग म्हणाला, "जोडखुणीशिवाय मी हात लावत नाही, बाई. आज तुझं ऐकलं तर उद्या कुणीही काहीही घेऊन येईल."

"तुमच्याकडचा अर्धा तुकडा बघा की. ही काठावरची वेल बघा."

"वेल कुणीही कोरेल. अर्ध्याला अर्धा जुळायला हवा."

"म्हणजे ही घंटा तुमची नाही?"

"नाही," भानोबा म्हणाला. "ही माझी नाही."

गोजरा त्याच्याकडं बघत राहिली. "बरं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता तर नाही."

गड्यांनी दांडा खांद्यावर घेतला. उचलताना लोलक हलला, कामकरी पुन्हा दचकून विहिरीकडं बघू लागले. भानोबाला मात्र काहीच ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो नगरातल्या जुन्या देवळात गेला. गाभाऱ्यासमोर त्यानंच ओतलेली घंटा होती. पुजारी ती वाजवत होता, आणि ती मुकी होती. गल्लीतून गाई आल्या. त्यांच्या गळ्यातल्या घंटा हलताना दिसत होत्या, आवाज नव्हता. बाकी सगळं ऐकू येत होतं, खुरं, माणसं, वारा. घरी तो ओसरीवर बसला होता, आणि अचानक त्याच्या मानेला कुणाचा तरी श्वास लागला. वळून बघतो तो नात. पायात त्यानंच केलेले वाळे घालून ती अंगणभर नाचून आली होती. "आजोबा, कधीची हाका मारल्यासारखी वाळे वाजवतेय," ती म्हणाली. "तुम्ही बघतच नाही."

जे जे त्याच्या हातचं होतं, ते ते त्याच्यापुरतं गप्प झालं होतं.

भानोबानं हे कुणाला सांगितलं नाही. राजाची घंटा ओतून झाली. ती टांगली, नगर गोळा झालं, राजा आला. स्वर कसा लागलाय हे भानोबाला कळत नव्हतं. त्यानं नुसत्या अंदाजानं काठ घासले होते. त्यानं ठोका दिला आणि लोकांच्या तोंडाकडं बघितलं. तोंडं हळूहळू घंटेकडून फिरली. राजाचंही फिरलं. सगळे पाठ करून उभे राहिले आणि नदीपलीकडच्या स्मशानाकडं बघू लागले. एक म्हातारी तिकडं चालायलाही लागली, तिला धरून मागं आणावं लागलं.

राजानं घंटा उतरवायला सांगितली. मग तो निघून गेला.

येसू घरी एवढंच म्हणाली, "अहो, वर जाऊन या."

भानोबा भर दुपारी घाट चढला, पण माथ्यावर दुपार नव्हती. पांढऱ्या धुक्यात वाडीची माणसं एका लांब दोराला धरून रानातून घरी येत होती, एकमेकांना हाका मारत. घंटा चौथऱ्यावर परत टांगलेली होती. लोलकाला गोणपाट गुंडाळलं होतं.

गोजरानं त्याला ओळखलं. "जोडखूण आणलीत?" तिनं विचारलं.

भानोबानं बाही वर सारली. मनगटावर भाजल्याचा डाग होता. "साचा ओला होता," तो म्हणाला. "मला माहीत होतं. घाई होती म्हणून तसाच रस ओतला. तो आत फुसफुसला आणि उडून इथं लागला. काशात पोकळी राहिली असणार, हे मला तेव्हाच कळलं होतं. वरून घासून चकचकीत केली आणि दिली. घंटा माझी आहे, बाई. माणसंही माझ्यामुळं गेली."

मग म्हातारा उठला आणि घंटेला मिठी मारून उभा राहिला. "ही वितळवली तर माझं पोर बोलायचं नाही," तो म्हणाला.

गोजरा त्याच्याजवळ गेली. "माझाही बोलायचा नाही, आजा," ती म्हणाली. "पण रानातून रोज कुणीतरी घरी यायचं असतं." तिनं त्याचे हात हळूच सोडवले.

भानोबानं तिथंच भट्टी बांधली. साचा केला आणि या वेळी तो पुरता वाळेपर्यंत थांबला. धुक्यात साचा वाळता वाळत नव्हता. तो रोज त्याच्याभोवती विस्तव ठेवायचा, रोज गाल लावून ओल बघायचा. वाडीच्या बायका त्याला भाकरी द्यायच्या, पण त्याच्याशी बोलायच्या नाहीत. साचा कोरडा ठणठणीत झाला तेव्हा त्यानं जुनी घंटा वितळवून तिचा रस ओतला. काही फुसफुसलं नाही.

नवी घंटा टांगली. भानोबा गोजराला म्हणाला, "माझ्या हातच्या घंटा मला ऐकू येत नाहीत. सगळ्यांना डोळे मिटून उभं कर आणि आवाज येईल तिकडं बोट दाखवायला सांग."

त्यानं दोरी ओढली. धुक्यात सगळे हात उचलले गेले. प्रत्येक बोट घंटेकडं होतं.

दरीतून ओ आली नाही. म्हातारा बराच वेळ कान देऊन उभा राहिला, मग खाली बसून रडला. गोजरा रडली नाही. ती रानाकडं बघत होती. तिकडून लाकडाची मोळी घेऊन एक बाई धुक्यातून सरळ चौथऱ्यापाशी आली आणि म्हणाली, "केवढी लख्ख वाजतेय."

भानोबा नगरात परतला. त्यानं दवंडी पिटवली, की माझ्या हातची वस्तू बिघडली असेल तर घेऊन या, जोडखूण असो वा नसो. लोक आले. एकेक वस्तू नीट होत गेली तसतसा एकेक आवाज त्याला परत ऐकू येऊ लागला. गाईंच्या घंटा ऐकू आल्या, देवळातली घंटा ऐकू आली, नातीचे वाळे ऐकू आले.

घाटावरची घंटा मात्र त्याला कधी ऐकू आली नाही. म्हातारपणी दर धुक्यात तो वर जायचा आणि ती स्वतः वाजवायचा. धुक्यातून माणसं चालत त्याच्याकडं यायची, आणि ती आलेली बघूनच त्याला कळायचं, की घंटा वाजते आहे.

आपल्या हातून बिघडलेलं नीट करून देताना समोरच्याकडं पुरावा मागू नये, तो आपल्यापाशी आधीपासून असतोच.