दोन बोटांची जागा

“...पण दोनच बोटं कमी पडतायत, उस्ताद. दोन बोटांसाठी सहा वर्षं टाकून द्यायची?”

उस्ताद स्टुलावर बसून कॉकपिटमधून हे बोलणाऱ्या माणसाकडे बघत होते.

तो माणूस बसला होता असं म्हणवत नव्हतं. कोंबला होता. मान खाली, खांदे आत, गुडघे समोरच्या तबकड्यांच्या फळीला टेकलेले. विमान एका माणसाचं, लाकूड आणि कापडाचं, घरी बांधलेलं. बांधणाराही तोच.

जयदीप नाडगौडा. सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. वय चव्वेचाळीस. उंची सहा फूट चार इंच.

“दांडी उजवीकडे ने,” उस्ताद म्हणाले.

जयदीपने दोन मांड्यांच्या मधली, विमान कलवायची दांडी उजवीकडे नेली. ती मांडीला अडली.

“डावीकडे.”

तिकडेही अडली. दोन्हीकडे दोन बोटं आधीच.

“सवय होईल,” जयदीप म्हणाला. “वाऱ्याचा दिवस टाळीन मी.”

उस्ताद उठले आणि हात धुवायला बाहेर गेले.

उस्तादांचं नाव अब्बास मुजावर. मिरजेत सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्या घरात ते वाढले. विशीत बिनइंजिनाची विमानं उडवणाऱ्या एका ग्लायडिंग क्लबात लाकडी पंख दुरुस्त करायला गेले ते तिथलेच झाले. क्लब बंद पडल्यावर बोरखेडीच्या माळावर, जुन्या धावपट्टीशेजारी, पत्र्याच्या शेडमध्ये राहू लागले. त्यांच्या हाताखाली चार विमानं झाली होती. हे पाचवं. आता ते एकोणऐंशीचे होते.

सहा वर्षांपूर्वी जयदीप नकाशे घेऊन आला, तेव्हा त्यांनी एकच गोष्ट सांगितली होती. लाकडाला करवत लावायच्या आधी पुठ्ठा आणि प्लायच्या तुकड्यांचं कॉकपिटएवढं नुसतं खोकं कर. बूट घालून, कानावर हेडफोन चढवून त्यात तासभर बस. ताठ बसू नकोस. दमून घरी आल्यावर बसतोस तसा बस.

जयदीप तेव्हा हसला होता. खोकं करायचे दिवस गेले, असं त्याने सांगितलं. त्याच्या संगणकावर माणूस होता, खुर्ची होती, गुडघ्यापुढे किती जागा राहते तेही दिसत होतं.

उस्तादांनी मग तो विषय काढला नाही.

हात पुसत ते परत आले. जयदीपला त्यांनी खाली उतरायला सांगितलं. उतरायला त्याला बराच वेळ लागला.

“भिंतीला पाठ लावून बस.”

तो जमिनीवर बसायला लागला, तसं उस्तादांनी स्टूल पुढे सरकवलं. पाठ भिंतीला, तळवे जमिनीवर. गुडघ्यापुढे त्यांनी एक फळी उभी धरली आणि भिंतीपासून फळीपर्यंत लाकडी पट्टी लावली.

“सदुसष्ट सेंटिमीटर. कागदावर किती आहे?”

जयदीपला कागद बघावा लागला नाही. “चौसष्ट.”

“हे माप कुणी घेतलं?”

जयदीपने पट्टीवर बोट ठेवलं.

“जयदीप, हे माप कुणाचं आहे?”

मग त्याने सांगितलं ते असं.

एकविसाव्या वर्षी तो लढाऊ वैमानिकांच्या भरतीला गेला होता. लेखी परीक्षा, मुलाखत, डोळे, सगळं पार पडलं होतं. शेवटच्या दिवशी त्याला एका लाकडी चौकटीत बसवलं आणि पाठीपासून गुडघ्यापर्यंत मांडी मोजली. सदुसष्ट. चालत होती चौसष्टपर्यंत. मोजणारा माणूस सज्जन होता. त्याने तीनदा मोजलं. मग दुसऱ्या दाराने बाहेर जायला सांगितलं.

“तिथे चौसष्ट चालत होतं,” जयदीप म्हणाला. “नकाशा काढताना मी मांडी मोजलीच नाही, उस्ताद. लिहिली.”

“तेव्हा माहीत होतं तुला?”

“लिहिताना हात एकदा थांबला होता.”

...

पुढचे तीन दिवस उस्तादांनी जागा शोधली. जयदीपने रजा टाकली होती.

बसायची गादी काढली. उघड्या फळीवर लोकरीचा पातळ नमदा टाकला. डोकं वर लागत होतं ते जरा सुटलं. वरचं पारदर्शक झाकण जास्त फुगीर करून घेता येईल, म्हणजे डोक्याचा प्रश्न उरणार नाही, असं उस्ताद म्हणाले. जयदीपचा चेहरा उजळला. पायाखालची पेडलं पुढच्या भोकांत सरकवली. टाचा तिरक्या ठेवून बघितल्या. पाठीमागची फळी एक बोट मागे गेली. त्यापलीकडे गेली असती तर विमानाचं वजन शेपटीकडे कललं असतं.

गुडघे मात्र तिथेच राहिले. मांड्यांखालून एक तुळई आडवी जात होती. या पंखापासून त्या पंखापर्यंत. सगळं विमान हवेत तिच्यावर टांगलेलं असणार होतं. मांड्या तिच्यावरून जात, म्हणून गुडघे वर येत, म्हणून दांडी अडत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी उस्तादांनी पेन्सिल कानावर खोचली.

“जागा नाही,” ते म्हणाले.

जयदीपने तुळई वरून दोन बोटं कापायची गोष्ट काढली. फक्त मांड्यांपुरती. कडेने प्लायच्या पट्ट्या चिकटवून जोर देता येईल. त्याने तोंडी हिशेब मांडला, तो बराच वेळ मांडला. वर्गात शिकवतो तसा त्याचा आवाज चढला. उस्ताद ऐकत होते. नाही म्हणाले नाहीत.

मग जयदीपने भिंतीवरची करवत काढली आणि कमरेपर्यंत कॉकपिटमध्ये वाकला. आत अंधार होता. त्याच्याच खांद्यांनी उजेड अडवला होता.

उस्तादांनी वायरीला लटकणारा बल्ब उचलला. पलीकडच्या बाजूला गेले. त्याला नीट दिसावं म्हणून हात लांब करून बल्ब तुळईवर धरला.

जयदीपने करवत टेकवली.

उजेडात लाकडाचे धागे दिसत होते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ. हे लाकूड त्याने सतरा फळ्यांतून निवडलं होतं. सांध्यावर सरसाची बारीक रेघ होती. ती त्याने भर उन्हाळ्यात, अंगाचा घाम लाकडावर पडू नये म्हणून कपाळाला फडकं बांधून ओढली होती.

करवत तशीच राहिली.

“उस्ताद, तुम्ही मला अडवत का नाही?”

उस्तादांचा हात अवघडला होता, पण बल्ब त्यांनी खाली घेतला नाही.

थोड्या वेळाने जयदीपने करवत बाहेर काढली आणि विमानाच्या चाकाशी बसला. उस्ताद त्याच्या शेजारी बसले. त्यांनी त्याला उदय हळबेची हकिकत सांगितली. ती त्यांनी तोवर कुणाला सांगितली नव्हती.

हळबे क्लबात होता. उंच, हसरा, उस्तादांचा जिवाभावाचा. उस्तादांनी बांधलेल्या दुसऱ्या विमानात तो बसला तेव्हा त्याचीही दांडी मांडीला घासत होती. अडत नव्हती, घासत होती. सात वेळा तो वर जाऊन नीट आला. आठव्या वेळी उतरताना आडवा वारा आला, एक पंख वर उचलला गेला. तो खाली आणायला दांडी जितकी जायला हवी होती तितकी गेली नाही.

“त्यानं मला विचारलं होतं, चालेल ना? मी म्हटलं, चालेल. गेला तो. त्याची बायको अजून दर ईदला माझ्याकडे येते. शेवया खाते. तिनं कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.”

जयदीप संध्याकाळी निघून गेला. जाताना विमानावर ताडपत्री टाकायलाही थांबला नाही.

महिनाभर तो माळावर फिरकला नाही. कॉलेजात कोणी विचारलं तर परवानगी अडकली आहे म्हणायचा. घरी बायकोलाही त्याने तेच सांगितलं. तिने शेजारच्यांना पहिल्या उड्डाणाला बोलावून ठेवलं होतं. रात्री जेवताना तो अधूनमधून थांबायचा. एकदा तिने पाहिलं, तो टेबलाखाली स्वतःच्या मांडीवर मूठ दाबून बसला होता. तिने कारण विचारलं तर पायात गोळा आला म्हणाला.

महिन्याने तो आला तेव्हा उस्ताद फडक्याने विमान पुसत होते. कुठे धूळ दिसत नव्हती.

जयदीपने उभ्या उभ्याच विचारलं, नवं धड बांधलं तर? हेच पंख, हीच शेपटी ठेवू. तुळई खाली घेऊ, धड लांब करू. या वेळी आधी खोकं करीन. तुम्ही म्हणाल तितके तास बसेन.

उस्तादांनी फडकं खाली ठेवून दोन्ही हात पुढे केले. ते थरथरत होते.

“सरळ रेघ आता मला दोन दिसतात, बाबा.”

“मी करीन. तुम्ही नुसते बसा.”

उस्ताद हसले, पण ते हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. जयदीपला कळलं. दुसरा कोणी उस्ताद त्याला माहीत नव्हता, आणि या उस्तादांकडे सहा वर्षं नव्हती.

“मग मोडून टाकतो हे,” तो म्हणाला.

“का? यात काय खोट आहे?”

“माझ्या कामाचं नाही.”

“मी खोट विचारली.”

जयदीपने विमानाभोवती एक फेरी मारली. कापड ताणलेलं होतं. पंखांच्या मागच्या कडेची पानं हलकी हलत होती. कुठेही कुरकूर नव्हती. सहा वर्षांत त्याने केलेलं एकच काम असं होतं की त्यात त्याला काही सुधारावंसं वाटत नव्हतं.

“खोट नाही,” तो म्हणाला.

...

वसुधा केंजळे विमान चालवायला शिकवायची. उस्तादांच्या आधीच्या दोन विमानांची पहिली उड्डाणं तिनेच केली होती. उंची पाच फूट दोन इंच. जयदीपने तिला स्वतः फोन केला. काय बोललो ते त्याला नंतर आठवत नव्हतं.

ती आली, तेव्हा सगळं उलटं करावं लागलं. पेडलं मागच्या भोकांत आणली. काढून टाकलेली गादी परत घातली, पाठीशी आणखी एक लावली. तिचं वजन कमी, म्हणून तोल साधायला सीटखाली शिशाच्या वड्या बांधल्या. हे सगळं जयदीपने केलं. तिने दांडी चारी बाजूंना फिरवली. कुठेच अडली नाही.

“किती मोकळं वाटतं हो यात,” ती म्हणाली. तिला काही माहीत नव्हतं.

जयदीपने तिचे पट्टे आवळले, झाकण लावलं आणि बाजूला झाला. बायकोला त्याने यायला सांगितलं नव्हतं.

सकाळचे साडेसात वाजले होते. वारा पडलेला. विमान धावपट्टीवर धावलं, निम्म्याच्या आधीच चाकं उचलली गेली, आणि ते वर गेलं. कुठे हेलकावलं नाही. माळावर त्याने दोन मोठी वळणं घेतली. पिवळ्या कापडातून ऊन आरपार दिसत होतं.

जयदीप उभा होता. त्याचे हात शरीराच्या बाजूला लोंबत होते. विमान उजवीकडे कलायचं, तेव्हा त्याचा उजवा हात थोडा हलायचा. उस्तादांनी ते पाहिलं आणि मान फिरवली.

बारा मिनिटांनी ते उतरलं. इतकं अलगद, की चाकं कधी टेकली ते उडालेल्या धुळीवरूनच कळलं.

वसुधा शेडपर्यंत आली. नाकावरचा पंखा थांबला. तिने झाकण उघडलं आणि तशीच बसून राहिली. मग म्हणाली की वीस वर्षांत इतकं आज्ञाधारक विमान तिने चालवलं नव्हतं. हात सोडले तरी सरळ जातं. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. मग बांधणाऱ्याने यात कधी बसायचं ठरवलंय, असं तिने सहज विचारलं.

जयदीप उस्तादांकडे वळला. त्याचा आवाज इतका खाली आला होता की वसुधाला ऐकू गेला नसावा.

“उस्ताद, आयुष्यात मला एवढंच हवं होतं. ते झालं. माझ्या डोळ्यांदेखत झालं. त्यात मी कुठे नव्हतो... आता मी करू काय?”

उस्ताद धावपट्टीकडे बघत होते. धूळ अजून खाली बसत होती.

“पंख उंच आहे,” उस्ताद म्हणाले. “हात दे तिला. उतरू दे.”