दिवे प्यायलेली होडी

माझी शाळा सातवीत सुटली. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत, आमच्या खाडीवर बोलतात तसे. पण गोष्ट सगळ्या गावाची आहे, म्हणून लिहितो.

फार वर्षं झाली. खाडीच्या अल्याड कातळवाडी, पल्याड मुंडवण आणि मधे एकच होडी. ती बुधाजीची. बुधाजी बोलायचा कमी, पण त्यानं वल्हं टाकलं की खाडी निजलेल्या पोरासारखी शांत व्हायची, असं म्हणतात.

त्याची एकुलती लेक शेवंती मुंडवणात दिली होती. सासरी जाताना ती होडीत रडायला लागली, तेव्हा तो म्हणाला, "रोज तिन्हीसांजेला माझ्या दारातला दिवा बघ गो. दिवा दिसला की समज, बाप बरा आहे." त्या दिवसापासून त्यानं एक संध्याकाळ चुकवली नाही.

एका पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून पालथी घातली, तर फळ्यांवरचं तेल पार उडून गेलेलं आणि लाकूड फुगलेलं. शेवंतीला सातवा लागला होता. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात घालायची आणि पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी आणायचं, असं ठरलेलं. पण होडीला लावायला बंदरावरची राळ आणायची तर घरातलं सगळं भात विकावं लागलं असतं.

स्वस्तातली तेलं बुधाजीनं आधी लावून पाहिली होती. एका वर्षी मुशी माशाचं तेल लावलं, तर होडीतून गेलेल्या नवरीमागे मांडवात गावभरची मांजरं जमली. पुढच्या वर्षी काजूच्या टरफलांचं तेल लावलं. ते कातडी भाजतं. होडीत बसलेली माणसं आठ दिवस उभ्यानं जेवली.

"बुधाजी, औंदा काय लावतोस ते आधीच सांग," देवळातला गुरव म्हणाला, "म्हणजे आम्ही पोहत जाऊ."

राहिलं उंडीच्या बियांचं तेल. ते लाकडात मुरतं, पाण्याला आत येऊ देत नाही आणि माणसाला त्रासही देत नाही. पण तेव्हा घरोघरी दिवे त्याच तेलावर जळायचे. पावसाळ्यात प्रत्येकाकडे आपल्या दिव्यापुरतंच तेल असायचं. बुधाजीला एकच वाट दिसली. त्यानं दिव्यात घालायचं तेल करवंटीत ओतलं आणि वात कोरडी ठेवली.

"शेवंती बघत असेल," त्याची बायको जनाबाय म्हणाली.

"ठाऊक आहे."

"काय समजेल ती?"

खाडी तुडुंब भरली होती. हाक पोचत नव्हती, निरोप न्यायला होडी नव्हती. तो अंधारात पल्याड बघत बसला.

तिसऱ्या संध्याकाळी गुरव आला. "घर काळोखात ठेवून चोरांना आवतण देतोस काय रे?"

"होडीला पाजतोय."

"एका घराच्या दिव्यानं तिचं नाकसुद्धा भिजायचं नाही," असं म्हणून गुरव हसत गेला.

पण पुढच्या संध्याकाळी गुरवाच्या घरात दिवा लागला नाही आणि बुधाजीच्या पायरीवर तेलाची वाटी आली. मग कुंभाराची आली, मग भंडाऱ्याची. आठ दिवसांत सगळी कातळवाडी अंधारात बुडाली. देवीपुढचा दिवा तेवढा राहिला. नवव्या दिवशी तोही कोरडा निघाला. सकाळी भरला होता, हात कुणी लावला नव्हता. आणि पायरीवर एक वाटी जास्त होती, असं म्हणतात.

बुधाजीनं तेल कढवलं आणि काथ्यानं फळ्यांवर चोळलं. लाकूड पीत राहिलं, तो चोळत राहिला.

पौर्णिमेला गावानं नारळ वाहिला, आणि तिन्हीसांजेला बुधाजीनं होडी पाण्यात लोटली. पावसाची झड अशी, की समोरचा किनारा दिसेना. लेकीनं आपल्याला मेलेलं समजून डोळे पुसले असतील, एवढंच त्याच्या मनात. तेवढ्यात पायाखालची फळी उजळली, पदराआड दिवा धरावा तशी. मग दुसरी उजळली. मग सगळी होडी पिवळी झाली आणि तिच्या कडेकडेनं मासे चालू लागले, असं म्हणतात.

पल्याड शेवंती किनाऱ्यावर उभी होती. दिवा दिसेनासा झाल्यापासून ती रोज येत होती. त्या दिवशी तिनं आपल्या माहेरचे सगळे दिवे पाण्यावरून येताना पाहिले.

"बाबा, दिवा का नाही लावलात?"

"लावला गो. आणायला वेळ लागला."

तिला मुलगी झाली. होडी पुढे कधी कुजली नाही. बुधाजी म्हातारा झाल्यावर एका संध्याकाळी तीत एकटाच बसून समुद्राकडे गेला. दाट धुक्यात अजून एक पिवळा ठिपका दिसतो, असं म्हणतात.

आता गावात वीज आहे, दुकानात ऑइलपेंटचे डबे आहेत. तरी नारळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी कातळवाडी दिवे मालवते आणि होड्यांना तेल लागल्याशिवाय लावत नाही. नव्या होडीचं पहिलं तेल विकत घेत नाहीत. होडीवाल्यानं वाटी घेऊन घरोघर जायचं आणि म्हणायचं, "बुधाजीचा दिवा वाढा."

यंदा माझी पहिली होडी आहे. कुणाकडे काही मागायची मला फार लाज वाटते, म्हणून मी गुपचूप पेंटचा डबा आणून ठेवला होता. काल इथवर लिहून काढलं. आज सकाळी डबा दुकानात परत दिला, वाटी घासली आणि पहिल्या दारात जाऊन उभा राहिलो. बराच वेळ उभा होतो. मग हाक मारली.