उपटून आणलेली हिरवाई

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की त्यातल्या राजाचे नावही आता कुणाला आठवत नाही. त्याच्या बागेची राखण करणाऱ्या माळ्याचे नाव मात्र लोक विसरले नाहीत. त्याचे नाव रखमाजी.

राजवाड्यामागे जांभूळ आणि फणसाची दाट बाग होती. सावली एवढी, की भर दुपारीही खाली उन्हाचा कवडसा पडत नसे. त्या सावलीत गवत जगत नसे. रखमाजीने तिथे भुईपाचू लावायला घेतली होती. ही घोट्याएवढी बुटकी वेल जमिनीलगत पसरते आणि बारा महिने हिरवी राहते. पण तिला घाई चालत नाही. कुजलेल्या पाल्याच्या मातीत वीत-वीत अंतरावर फुटवे लावायचे, तण काढायचे, बेताने पाणी द्यायचे. मग तीन वर्षांनी कुठे जमीन झाकते. रखमाजीच्या लावणीचे हे पहिलेच वर्ष होते.

एके दिवशी राजा बागेत आला. "वैशाखात राजकन्येचं लग्न आहे. पाच राज्यांचे राजे या झाडांखाली बसतील. तोवर ही जमीन हिरवी झाली पाहिजे. जमेल ना, की दुसरा माळी पाहू?"

लग्नाला महिना उरला होता. तीन वर्षे लागतात, हे शब्द रखमाजीच्या ओठांवर आले. पण राजाच्या कपाळावरची आठी पाहून त्याने ते गिळले.

"होईल, महाराज," तो म्हणाला.

भुईपाचू आयती मिळण्याची एकच जागा त्याला ठाऊक होती. त्याच्या स्वतःच्या गावावरचा डोंगर. तिथल्या रानात झाडांखाली तिची जाड गादी पसरलेली होती. रखमाजी चाळीस बैलगाड्या घेऊन निघाला. मजूर कुदळीने वेल सोलून काढू लागले, तशी त्याची थोरली बहीण हौसाक्का चढ चढून धापा टाकत आली.

"रखमा, अरे काय मांडलंयस हे? या वेलीनंच डोंगराची माती धरून ठेवलीय. खाली आपली घरं आहेत."

"अक्का, एवढ्या मोठ्या डोंगराचं काय जातंय? पुन्हा उगवेल."

"तुझ्या बागेत तिला तीन वर्षं लागतात म्हणतोस. मग इथं काय एका पावसात येईल?"

रखमाजीने मान फिरवली आणि तो गाडीवानांना म्हणाला, "भरा."

लग्नाच्या दिवशी बाग हिरवीगार दिसली. पाहुण्या राजांनी कौतुकाने पायातले जोडे काढले. राजाने सगळ्यांसमोर रखमाजीच्या खांद्यावर शेला घातला. पण रखमाजीला ठाऊक होते, ती वेल नुसती अंथरलेली आहे. बोटाने कड उचलली तर चटईसारखी वर येत होती. पंधरा दिवसांत पाने पिवळी पडली. महिन्याभरात सगळी काळी पडून कुजली आणि बागेत वास मारू लागला.

तिकडे पावसाळा लागला. श्रावणात तीन दिवस पाऊस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, माणसे जेवायला बसली असताना, डोंगराची उघडी माती सुटली आणि गावावर आली. अकरा घरे गाडली गेली.

बातमी कळताच रखमाजी धावला. चिखलात उभा राहून तो आधी कुदळीने आणि नंतर नुसत्या हातांनी उकरत राहिला. दुसऱ्या दिवशी हौसाक्का सापडली. तिने नातीला पोटाशी घट्ट धरले होते. दोघींना वेगळे करता आले नाही.

चिखलाने माखलेला तसाच तो दरबारात गेला. "महाराज, वेलीला तीन वर्षं लागतात, हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"भ्यालो, महाराज. तुमच्या रागाला भ्यालो. माझी जागा जाईल म्हणून भ्यालो."

राजाने त्याला शिक्षा दिली नाही. राजाला त्याच्याकडे वर मान करून पाहता आले नाही.

रखमाजी त्या डोंगरावर राहायला गेला. पाल्याची माती वाहून नेई, वीत-वीत अंतरावर फुटवे लावी. चौथ्या पावसाळ्यात माती जागची हलली नाही. पण वाचलेले लोक दूर जाऊन वसले होते, आणि त्यांच्यापैकी कुणीही मरेपर्यंत त्याच्याशी एक शब्दही बोलले नाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढे ध्यानात ठेवा: भीतीपोटी दिलेल्या खोट्या होकाराची किंमत बहुतेक वेळा तो देणाऱ्याला नाही, त्याच्या माणसांना मोजावी लागते.