पलीकडचा टोला

"...आणि जो शब्द कुठेच जोडता येत नाही, त्याचं काय करायचं, गुरुजी?"

गुरुजी खाडीकडे पाहत होते. धुक्यात पाणी कुठे संपतं ते कळत नव्हतं.

ऋजुता त्यांची जुनी विद्यार्थिनी. शरीरातल्या पेशी एकमेकींशी कशा बोलतात, याचा कोश ती रचत होती. प्रत्येक शब्दाला व्याख्या, आणि प्रत्येक शब्द वरच्या एखाद्या शब्दाला बांधलेला. एकही मोकळा सुटता कामा नये. तिच्या कामाला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती, आणि हे तिला चांगलंच ठाऊक होतं.

"संदेश म्हणजे काय?" गुरुजींनी विचारलं.

"एका पेशीने धाडलेलं आणि दुसरीने घेतलेलं काहीतरी. सगळा कोश या व्याख्येवर उभा आहे."

"मग अडलंय कुठे?"

"काही पेशींना 'राहा, राहा' असं शेजारणींनी सतत सांगावं लागतं. ते सांगणं थांबलं, की पेशी आपणहून आवरतं घेते. मरते." तिचा आवाज चढला. "लोक म्हणतात, हाही संदेशच. मी म्हणते, धाडला कुणी? पोचलं काय? या थांबण्याला दिलेला शब्द ठेवला तर माझी व्याख्याच मोडते. उद्या मी तो काढून टाकणार. तुम्ही फक्त हो म्हणा, म्हणजे मला झोप लागेल."

...

"दिवेलागण होऊ दे," गुरुजी म्हणाले.

पलीकडच्या तीरावर दर्गा होता. तिथले सुलेमान फकीर रोज दिवेलागणीला टांगलेल्या रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर एक टोला द्यायचे. मग इकडून गुरुजी आपली घंटा एकदा वाजवायचे. दोघंही म्हातारे, दोघंही एकटे. वर्षानुवर्षं एवढंच बोलणं. शिकायला होती तेव्हा ऋजुता याला हसायची.

दिवा लागला. गुरुजी घंटेचा दोर धरून बसले.

धुकं अंगणात आलं. तुळस दिसेनाशी झाली, मग पायरी. आपण जागे आहोत की नाही, हेच ऋजुताला कळेना. कोश, व्याख्या, उद्याचा दिवस, सगळं कुठेतरी लांब राहिलं. फार बरं वाटत होतं.

पलीकडून काही आलं नाही.

...

गुरुजींनी दोर सोडला. कंदील घेऊन ते धक्क्यावर गेले आणि होडीची गाठ सोडू लागले.

ऋजुता मागे धावली. "गुरुजी! एवढ्या धुक्यात कुठे?"

"सुलेमानकडे."

"पण त्यांनी बोलावलंय कुठे? तिकडून तर काहीच..."

तिला एकदम भीती वाटली.

तिने ओढणी कमरेला खोचली, होडीत उतरली आणि वल्हं उचललं.

गुरुजींनी कंदील उंच धरला.

"जोरात मार, पोरी. निरोप येऊन बराच वेळ झाला."