धुक्यातली जीप

घाटातल्या गाड्यांचे सुटे भाग आपसांत बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. इनासने आपल्या जुन्या जीपला बाजारातून दुप्पट उजेडाचे बल्ब आणून बसवले आणि सांज होताना बायको रोझीला घेऊन तो धुक्यातून घाट उतरू लागला.

"आणखी वीज दे," त्यातला एक बल्ब म्हणाला.

"मी बारीक आहे रे," आतली तार कळवळली. "एवढा भार सोसत नाही. अंग भाजतंय माझं."

"पण बघ तरी, धुकं कसं उजळलंय!"

तार कुणालाही न दिसता वितळत राहिली.

"जळल्याचा वास येतोय हो," रोझी म्हणाली.

"नव्या बल्बांचा असेल," इनास म्हणाला.

वळणावर दोन्ही दिवे एकदम विझले. इनासने करकचून ब्रेक दाबला. दोघं खाली उतरली, तेव्हा पुढचं चाक दरीच्या अगदी काठावर होतं आणि बॉनेटमधून धूर निघत होता. एकमेकांचा हात धरून ती डोंगराच्या कडेने चाचपडत निघून गेली.

मागे काळोखात बल्ब हाका मारत राहिला, "तारबाई, बोल ना! मी तर धड आहे. मग मला काहीच का दिसत नाही?"