एकशे ब्याण्णव ठोके

"आबा, एकशे ब्याण्णव! आता तरी बोटीत घेणार की नाही?"

हेमांगी घामानं निथळत विचारत होती. धरणाकाठच्या आमच्या क्लबात वल्हवायचं यंत्र आहे, पाण्याशिवाय वल्हं मारायची सोय. छातीला पट्टा बांधला की समोरच्या पडद्यावर काळजाचे ठोके दिसतात. पोरीला त्या आकड्याचं भारी कौतुक.

आणि दिवस कुठला? खंडेनवमीचा! हत्यारांची पूजा करून त्यांना विसावा द्यायचा दिवस. क्लबाची देखभाल माझ्याकडे, म्हणून सकाळीच मी वल्ह्यांना, बोटींना, यंत्रांना हळदकुंकू वाहून झेंडूच्या माळा घातल्या होत्या. हिनं माळ काढून भुईवर ठेवली अन् बसली ओढत. माझं डोकंच फिरलं.

आबा सुभेदार मात्र शांत. फौजेत तीस वर्षं वल्हं मारलेला माणूस, आता आमच्या पोरींना शिकवतो. ओरडणं त्यांच्या स्वभावातच नाही.

"किती फेऱ्या?" त्यांनी विचारलं.

"दहा. एक मिनिट जोरात, एक मिनिट हळू."

"हळूच्या मिनिटात आकडा कितीवर येतो?"

"येऊच देत नाही, आबा! तेव्हाही दणकून ओढते. बाकीच्या पोरी तिथंच वेळ वाया घालवतात."

"मग सहाव्या फेरीपासून मागं का पडतेस?"

हेमांगीचा चेहरा उतरला. चौघींच्या बोटीत एकच जागा उरली होती. नाव आजच ठरायचं होतं, आणि पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं.

"माझ्यात दम नाही म्हणता?"

"दम आहे गं. दम खाता येत नाही."

आबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पडद्यावर घातली. आकडा झाकला गेला. मग माझ्याकडे वळले.

"आज हत्यारं कुठली पुजलीस?"

"सगळी," मी ठसक्यात म्हणालो. "वल्ही, बोटी, यंत्रं."

"एक राहिलं."

मी आजूबाजूला बघायला लागलो. आबा हेमांगीला म्हणाले, "हात छातीवर ठेव. मोज."

"एक, दोन, तीन, चार..." तिची जीभ अडखळायला लागली. ठोके पुढं, आकडे मागं.

"राहू दे मोजणं. नुसती बस."

ती बसली. हळूहळू तिची धाप ओसरली, खांदे खाली आले.

आबांनी टोपी उचलली. एकशे अठरा.

"चढवलंस तू. उतरवलं कुणी?"

"कुणी नाही. आपोआप..."

"आपोआप?"

तिचा हात पुन्हा छातीवर गेला.

"कधीपासून चाललंय ते?" आबांनी विचारलं.

"जन्मल्यापासून." ती जरा थांबली. "त्याच्याही आधीपासून."

"सुट्टी किती दिलीस?"

पोरगी एकदम रडायलाच लागली. "आबा, मी याला नुसतं झोडपतच आले. एवढं केलं यानं माझ्यासाठी, आणि मी याला एक मिनिटसुद्धा..."

तिनं दोन्ही हात छातीशी जोडले, डोळे मिटले आणि मनापासून नमस्कार केला. मग उठून माळ उचलली, यंत्राला घातली आणि मला म्हणाली, "चुकले, काका."

माझा राग कुठच्या कुठं गेला. खरं सांगतो, माझाही हात आपसूक छातीकडे गेला. बासष्ट वर्षं चाललंय बिचारं, आणि मी त्याला एकदाही शाबास म्हटलेलं नाही. त्याचे उपकार मानायला मला या पोरीनं शिकवलं.

आबा टोपी घालून निघाले.

"आबा," तिनं भीतभीतच विचारलं, "बोटीचं काय?"

आबा दारात थांबले.

"जागा त्याला दिली. तू त्याला सोबत म्हणून ये."