काचेतला समुद्र

“पण माझं चुकलं कुठं, माय?”

येसूमाय भिजलेले वाल सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही.

मोरेश्वर काचेच्या पेटीसमोर उकिडवा बसला होता. आत त्याचा मासा वाळूवर कलंडून पडला होता. बोटभर लांबीचा, पिवळ्या अंगावर काळे पट्टे. कल्ला मध्येच हले, मध्येच थांबे. सकाळपर्यंत हाच मासा काचेवरच्या बोटामागे धावत होता. मोरेश्वरच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

समुद्रकाठच्या त्या लहानशा मठात तो दीक्षा मागायला आला, तेव्हा येसूमायने त्याला ना मंत्र दिला, ना माळ. कुणा भक्ताने आणून टाकलेली ही रिकामी पेटी दाखवली.

“यात समुद्र आण. एक मासा जगव. मग बोलू.”

मोरेश्वर मनात हसला होता. तालुक्याच्या गावातलं भांड्यांचं चालतं दुकान ज्याने एका सकाळी सोडलं, बापाकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही, त्याला एक मासा किती जड?

पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पाणी भरलं त्याच दिवशी त्याने मासा सोडला आणि उजाडेपर्यंत तो मेला.

“भिंती उभ्या राहिल्या नाहीत तोवर पाहुणा बोलावलास,” माय म्हणाली होती. “चूल तरी पेटू द्यायची.”

मग त्याने वाळू घातली. समुद्रातल्या खडकांतून जीवजंतू चिकटलेले दगड आणले, हवेचा पंप लावला आणि महिनाभर पेटीत मासा सोडला नाही. दगडांवर हिरवी लव चढली, बारीक किडे फिरू लागले. तेव्हा कुठे हा मासा आला, आणि रमला.

मोरेश्वर ताठ झाला. दीक्षा अजून मिळायची होती, पण त्याचा उपदेश सुरू झाला. दर्शनाला येणाऱ्यांना तो पेटीपुढे उभं करून सांगे, “यात गोड्या पाण्याचा थेंब नाही. समुद्राच्या जिवाला समुद्रच पाहिजे.”

उन्हाळ्याचे दिवस. पेटीतलं पाणी रोज थोडं आटे. मोरेश्वर पहाटे अनवाणी समुद्रावर जाई, घागर भरून आणी आणि पाणी आधी होतं तिथवर पेटी भरी. अंगात ताप होता त्या दिवशीही त्याने खाडा केला नाही.

आणि आज हे.

“सेवेत काही कमी पडलं का?” त्याने विचारलं.

“नाही. कमी काहीच पडलं नाही.”

“मग?...”

वाल सोलता सोलता माय म्हणाली, “बाहेर उंडीच्या झाडाखाली तुझे वडील येऊन बसलेत. एस्टीतून उतरून उन्हातून चालत आलेत.”

“मला आता कुणी नाही, माय. मागच्या खेपेलाही मी भेटलो नाही.”

समोर मासा मरत होता, तरी हे सांगताना मोरेश्वरची मान वर झाली.

“बरं.”

माय गुडघ्यावर हात टेकून उठली. माठातून तिने तांब्या भरला. निघाली म्हाताऱ्याला पाणी द्यायला, असं वाटून मोरेश्वरने तोंड फिरवलं.

माय पेटीपाशी आली आणि तांब्या आत ओतू लागली.

माठातलं पाणी. विहिरीचं.

मोरेश्वर बघतच राहिला. आपण काय पाहतो आहोत तेच त्याला कळेना. मग झडप घालून त्याने मायचं मनगट धरलं.

“माय, काय करतेस? गोडं पाणी आहे ते. मरेल तो.”

पलीकडे भाजी चिरणाऱ्या बाईचा हात विळीवर थांबला. येसूमायच्या पायांवर लोक डोकं ठेवत, तिचा हात आजवर कुणी धरला नव्हता. मोरेश्वरला ते ठाऊक होतं. तरी त्याने मनगट सोडलं नाही.

माय रागावली नाही. मोकळ्या हाताचं बोट तिने पेटीच्या वरच्या कडेवरून फिरवलं. तिथे पांढरा थर होता. मोरेश्वर तो धूळ समजून पुसायचा. मायने ते बोट त्याच्या ओठांना लावलं.

मीठ.

“आता आतलं चाख.”

त्याने पेटीत बोट बुडवून जिभेवर टेकवलं आणि तोंड वाकडं केलं. समुद्र इतका खारट नव्हता. कधीच नव्हता.

“उन्हानं काय नेलं?” मायने विचारलं.

“पाणी.”

“नुसतं पाणी?”

“...नुसतं पाणी.”

“आणि तू काय भरलंस?”

मोरेश्वरने मनगट सोडलं. मिठागरं तो लहानपणापासून पाहत आला होता. समुद्र आत घ्यायचा, उन्हात आटू द्यायचा, पुन्हा घ्यायचा. पहाटे उठून, अनवाणी, नेमानं, त्याने देवाच्या दारात मिठागर मांडलं होतं, आणि त्यात एक जीव ठेवला होता. घागरीगणिक आपण त्याला मारत होतो. त्याला स्वतःच्या हातांची भीती वाटली.

मायने उरलेलं पाणी बारीक धारेने आत सोडलं. हळूहळू, मधे थांबत. दोघं माशाकडे बघत राहिले.

बऱ्याच वेळाने माशाचा कल्ला जोराने हलला. मग शेपटी. मासा वाळूवरून बोटभर वर आला, तिरपा, झिंगल्यासारखा, पण आला.

मोरेश्वरला रडू फुटलं. डोळे पुसून होत नाहीत तोच तो हळूच म्हणाला, “माय, मग... दीक्षा?”

मायने माठापाशी जाऊन तांब्या पुन्हा काठोकाठ भरला आणि त्याच्या हातात दिला. मोरेश्वर तो घेऊन लगबगीने पेटीकडे वळला.

मायने पेटीवर आडवा हात धरला.

“याचं आजचं झालं. हा तांब्या उंडीखाली ने.”